वऱ्हाडातल्या गावात नवे आहात? मग शब्दांची वही अशी धरा

मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. कृषी सहायक म्हणून पहिली नेमणूक यवतमाळ जिल्ह्यात मिळाली. फेब्रुवारीतली गोष्ट. एका म्हाताऱ्या कास्तकाराला, म्हणजे शेतकऱ्याला, विचारलं, "काका, कपाशी कशी आहे?" ते म्हणाले, "उलंगवाडी झाली बावा." मला ते कुठल्या तरी वस्तीचं नाव वाटलं. मी नोंदीत 'पीक उभे' असं लिहिलं आणि पुढं गेलो. उलंगवाडी म्हणजे कापसाची शेवटची वेचणी होऊन शेत रिकामं होणं, हे संध्याकाळी गावातल्या पोरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेवढ्या एका शब्दासाठी परत शेतावर जाऊन नोंद दुरुस्त केली.

त्या रात्री वही घेतली. सुरुवातीला कामापुरते शब्द लिहीत होतो. पुढं गावकऱ्यांना कळलं की हा साहेब शब्द लिहून घेतो, तेव्हा ते स्वतःच अर्थ सांगायला लागले, आणि ते अर्थ कोशातल्यासारखे नव्हते. त्याच काकांना महिनाभरानं विचारलं, उलंगवाडी म्हणजे काय हो? म्हणाले, "वावरात बोंड नाई, घरात कापूस नाई, खिशात चुकारा नाई, तवा समजाचं का उलंगवाडी झाली." वावर म्हणजे शेत, चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचा मिळणारा पैसा. एका शब्दाच्या अर्थात अख्खं वर्ष आलं होतं.

आता तुम्ही शिक्षक, नर्स, बँकेतले कर्मचारी, पटवारी म्हणून किंवा नवी सून म्हणून पश्चिम विदर्भातल्या, म्हणजे वऱ्हाडातल्या, खेड्यात आला असाल, तर अशी वही नक्की धरा. काम सोपं होतं, गाव जवळ येतं, आणि पुस्तकात कुठंच नसलेल्या हसऱ्या व्याख्या हाती लागतात. मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून क्रमानं सांगतो.

काय काय लागेल

- दोनशे पानी, पक्क्या पुठ्ठ्याची वही. सुट्टे कागद चालत नाहीत, वावरात उडून जातात.
- पेन्सिल. झडीच्या, म्हणजे लागून राहिलेल्या पावसाच्या, दिवसात शाई पसरते.
- मोबाइलवर आवाज टिपायची सोय. पण आधी विचारून. "तुमचा आवाज घेऊ का?" एवढं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. जे नाही म्हणतात त्यांचं ऐकायचं, टिपायचं नाही.
- पडताळणीसाठी दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. 1932 पासून त्याचे 7 खंड निघाले, नंतर पुरवणीही आली. इंटरनेटवर फुकट पाहता येतो.
- एक जाणकार माणूस. हा सर्वात महत्त्वाचा. शक्यतो बाई असावी, कारण घरातले, स्वयंपाकातले, नात्यातले शब्द तिच्याकडे जास्त असतात. आशाताई किंवा अंगणवाडीताई असली तर फारच उत्तम.

1. आधी कान तयार करा

पहिले पंधरा दिवस काही लिहू नका. नुसतं ऐका. वऱ्हाडीतले निम्मे अनोळखी शब्द खरं तर तुमच्या ओळखीचेच असतात, फक्त वेगळ्या कपड्यात येतात.

'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, काळा म्हणजे काया. टोंगळा म्हणजे गुडघा, आणि तो ऐकू येतो 'टोंगया' असा. दवाखान्यात काम करणार असाल तर हा शब्द पहिल्या दिवशीच पाठ करा, कारण चाळिशीनंतर प्रत्येकाचे टोंगये दुखतात.

'ण' चा 'न' होतो: पानी, कोन, लोनी. मला, तुला, त्याला हे मले, तुले, त्याले होतात. 'का' च्या जागी काहून किंवा कायले. 'जात आहे' च्या जागी 'जाऊन राह्यलो'. "काय करून राह्यले?" हा प्रश्न तुम्हाला दिवसातून दहा वेळा येईल. ती चौकशी आहे, झडती नाही. 'जेवण करतोय', 'बसलोय' असं काहीही उत्तर चालतं.

आणि 'येजो', 'जाजो', 'सांगजो'. पुढं कधीतरी करायच्या गोष्टीसाठीची ही आज्ञा. "उद्या घरी येजो" यात हुकूम नाही, आग्रह आहे. आमच्या शेजारच्या आजीची याची व्याख्या माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे: "मानसाले 'जाय' म्हनू नये. दारात उभं राहून 'येजो' म्हनाव, म्हंजे तो गेल्यासारखा वाटत नाई."

2. हाक मारायची रीत शिका, मगच प्रश्न विचारा

नवखे लोक इथंच घसरतात. वऱ्हाडी म्हटलं की बाहेरच्यांना 'बे' आठवतो. दोन दिवसांत उत्साहानं तो वापरायला लागतात. असं करू नका. 'बे' हा बरोबरीच्या दोस्तांमधला शब्द आहे. वयानं मोठ्या माणसाला नवख्यानं 'बे' म्हटलं तर तो सरळ अपमान होतो, आणि गाव ते विसरत नाही.

वडीलधाऱ्या माणसाला 'काका', 'मामा', 'बाबाजी' म्हणा आणि मागं 'वो' लावा: "काय वो मामा." 'गा' जवळिकीचा आहे, पुरुषांसाठी: "काय गा दादा." बायका एकमेकींना 'वं' म्हणतात: "काय वं माय." पुरुषानं अनोळखी बाईला 'वं' म्हणू नये, 'बाई' किंवा 'मावशी' म्हणावं. 'भाऊ' कुठंही चालतो. 'राजेहो' हा घोळक्याला उद्देशून म्हणायचा शब्द, तो मला अजून नीट म्हणता येत नाही म्हणून मी वापरत नाही.

'पोट्टा', 'पोट्टी' म्हणजे मुलगा, मुलगी. त्यात तिरस्कार नाही. तसंच 'बुढा' आणि 'बुढी'. "माह्या बुढ्यानं सांगतलं" म्हणजे 'माझ्या वडिलांनी सांगितलं'. पण हे तो मुलगा म्हणू शकतो, तुम्ही नाही. "तुझा बुढा कुठाय?" असं तुम्ही विचारलंत तर उत्तर मिळेल, पण चहा मिळणार नाही.

3. कुठं बसायचं, कधी बसायचं

पार, पानठेला, दळणाची चक्की, गावाचा फाटा, आठवडी बाजार. यांत चक्की सर्वात चांगली. दळण होईपर्यंत कुणाला उठता येत नाही, आणि बायका, पोरं, म्हातारे सगळे तिथं येतात.

वेळ पाहून जा. मिरग (मृग नक्षत्र) लागला की पेरणीची घाई असते, तेव्हा शब्द विचारत फिरणं बरं दिसत नाही. निंदनाच्या (खुरपणीच्या) दिवसात बायका तासात वाकलेल्या असतात, पण दुपारच्या शिदोरीला बसतात तेव्हा गप्पांना जोर येतो. मला सर्वात जास्त शब्द मिळाले ते दिवाळीनंतरच्या वेचणीत. हात बोंडावर आणि तोंड मोकळं. दुपारी ओटीतला कापूस एका जागी टाकून बसलेल्या बायकांकडं मी आशाताईंना सोबत घेऊन जात असे. एकट्या पुरुषानं वही घेऊन बायकांच्या घोळक्यात जाऊन उभं राहू नये, काम थांबतं आणि सगळ्या गप्प होतात.

पोळ्याचा दिवस मात्र चुकवू नका. तोरणाखाली बैलं उभी राहतात आणि झडत्या म्हटल्या जातात. एक जण ओळी म्हणतो आणि शेवटी सगळं गाव "हर बोला हर हर महादेव" म्हणून साथ देतं. झडत्यांमध्ये जुन्या अवजारांची नावं असतात, भावावर, पावसावर, पुढाऱ्यांवर टोमणे असतात. आजकालची पोरं दरवर्षी नव्या झडत्या जुळवतात. त्यातला प्रत्येक कळीचा शब्द दुसऱ्या दिवशी जाऊन विचारावा. त्याच दिवशी विचाराल तर ढोलापुढं कुणाला ऐकू येणार नाही.

4. एका पानावर एकच शब्द

मी सुरुवातीला यादी करत गेलो. एका पानावर तीस शब्द, समोर अर्थ. दोन महिन्यांनी ती यादी मलाच उपयोगी पडेना, कारण शब्द कुणी, कुठं, कशावरून म्हटला ते आठवेना. म्हणून आता एका शब्दाला एक पान. वर शब्द, ऐकला तसाच. 'पऱ्हाटी' (कपाशी) ऐकलं तर 'पऱ्हाटी', 'पराटी' ऐकलं तर 'पराटी', मनानं सुधारायचं नाही. खाली तो, ती की ते. मग ज्या वाक्यात ऐकला ते अख्खं वाक्य. कुणाकडून, म्हणजे नाव नाही, तर 'साठीची बाई, वेचणीवर' एवढंच. मग साधा अर्थ. आणि सर्वात खाली, मोठी जागा सोडून, गावानं दिलेली व्याख्या.

ती जागा लगेच भरत नाही. काही पानांवर वर्षभर रिकामी राहते. राहू द्या. तुम्ही स्वतः गंमतीची व्याख्या रचून ती भरू नका.

5. व्याख्या मागायची नसते, निघू द्यायची असते

"या शब्दाचा अर्थ काय?" असं विचारलं की माणूस शाळेतल्यासारखा गप्प होतो किंवा तुमच्यासाठी पुस्तकी शब्द शोधतो. याच मातीतल्या गाडगेबाबांची कीर्तनं प्रश्नांवर चालायची. ते समोरच्यांनाच विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढत. तीच रीत इथं लागू पडते. मी तीन प्रश्न विचारतो.

"हे कवा म्हनता?"
"हे कोनाले म्हनता अन् कोनाले म्हनत नाई?"
"याच्यात अन् त्याच्यात फरक काय?"

तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. एक उदाहरण जवळून सांगतो. 'बह्याड' आणि 'भैताड' हे दोन्ही शब्द मी 'वेडा, मूर्ख' असे लिहून मोकळा झालो होतो. एकदा चक्कीवर सहज विचारलं, यात फरक काय? चक्की चालू होती, त्यामुळं सगळे ओरडून बोलत होते. एक म्हणाला, फरक काही नाही. दुसरा म्हणाला, असा कसा नाही? पीठ झाडत बसलेली एक मावशी म्हणाली, "भैताडाले समजत नाई. बह्याडाले समजते, पन थो आयकत नाई." चक्कीवाल्यानं पट्टा काढला. आता शांततेत वाद सुरू झाला. एका म्हाताऱ्यानं तोड काढली: "भैताड पावसात छत्री इसरते. बह्याड छत्री बगलेत धरून भिजते." सगळे हसले, आणि मग प्रत्येकानं आपापला बह्याड आणि आपापला भैताड सांगितला. दळणं तासभर तशीच पडून राहिली. दुसऱ्या गावात हा फरक कुणी मान्य केला नाही, तिथं दोन्ही शब्द एकच. मी दोन्ही गावांचं लिहून ठेवलं.

चांगली व्याख्या कशी ओळखायची? ती एका दमात म्हणता येते. तिच्यातली वस्तू घरातली किंवा वावरातली असते. आणि ऐकणारा आधी हसतो, मग मान हलवतो. नुसता हसला आणि मान हलली नाही, तर तो विनोद झाला, व्याख्या झाली नाही. माझ्या वहीतल्या काही देतो, म्हणजे अंदाज येईल.

*धुरा* (शेताचा बांध): "दोन भावाच्या मधातली जागा. दर साली वखरासंगं उलसाक सरकते, अन् मोजनी आली का वापस येते." उलसाक म्हणजे थोडंसं.

*पांदन* (शेतात जायची वाट): "उन्हायात रस्ता, पावसायात नाला."

*लाईन* (वीज): "आपून बोरीवर गेलो का जाते, घरी येऊन आंग टाकलं का येते." बोर म्हणजे बोअरवेल. रात्रीच्या पाळीला ओलित करणाऱ्या, म्हणजे पिकाला पाणी देणाऱ्या, प्रत्येकानं यावर मान हलवली आहे.

*चुकारा*: "कापसाचा पैसा. हातात येते, पन बसत नाई."

*झडी* (दिवसेंदिवस लागून राहिलेला पाऊस): "गोधडी सुकत नाई, काडीपेटी पेटत नाई, अन् बुढा घरातून हालत नाई." ही अर्थातच एका बाईची.

*फोकनाड* (पोकळ बढाई, थाप): "ज्या गोठीले पाय नाई, पन शेपूट लय लांब." गोठ म्हणजे गोष्ट.

*फटफटी* (मोटारसायकल): "तेल आपलं, सवारी गावाची."

*फाटा*: "जथी यस्टी थांबत नाई, पन मानूस थांबते."

*इवाई* (व्याही): "ज्याच्यासाठी कोंबडं कापा लागते अन् ज्याच्यापुढं आवाज कमी करा लागते, थो."

*बंगई* (घरातला लाकडी झोपाळा): "दुपारी बुढ्याची, संध्याकायी लेकराईची, अन् जिनं सारवलं तिची कवाच नाई." हे सांगणारी बाई त्या वेळी दारात उभी होती आणि बंगईवर मी बसलो होतो. मी उठलो. ती बसली नाही, पण हसली.

6. फसव्या शब्दांची वेगळी यादी करा

अनोळखी शब्द त्रास देत नाहीत, कारण आपण विचारतो. त्रास देतात ते ओळखीचे वाटणारे.

सांबार. इथं ती कोथिंबीर आहे. बाजारात "सांबार घ्या ताजा" अशी हाळी येईल, गोंधळू नका. इडलीबरोबरचा पदार्थ हवा असेल तर हॉटेलात तो हॉटेलच्या अर्थानंच मिळतो, एकाच गावात दोन्ही अर्थ सुखानं नांदतात.

फल्ली म्हणजे भुईमूग, फल्लीदाने म्हणजे शेंगदाणे. चून म्हणजे पिठल्याच्या जातीचं बेसन: "चून-भाकर खाल्ली." भेदरं म्हणजे टोमॅटो. गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो नव्हे, तर पातेलं. "गंजात पानी ठेव" म्हणजे पातेल्यात ठेवा. नागपूरकडं गेलात तर कोपर म्हणजे हाताचा सांधा नव्हे, परात.

पटवारी म्हणजे तलाठी. 'आंग धुतलं का?' म्हणजे आंघोळ झाली का. 'गमत नाई' म्हणजे करमत नाही, त्याचा गमतीशी काही संबंध नाही. नव्या सुनेला सासू विचारते, "गमते का वं इथं?" तेव्हा ती मनापासून विचारत असते, उत्तरही तसंच द्यावं.

फरदड. माझ्या खात्याचा शब्द, म्हणून थोडं थांबतो. कपाशीचा हंगाम संपल्यावर शेत मोकळं न करता पाणी देऊन त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक म्हणजे फरदड. गुलाबी बोंडअळीला त्यामुळं उभं खाद्य मिळत राहतं, म्हणून फरदड घेऊ नका असं आम्ही पोटतिडकीनं सांगतो. एका कास्तकारानं मला त्याची व्याख्या दिली: "फरदड म्हंजे जेवन झाल्यावर ताटात बोट फिरवनं. पोट भरत नाई, पन सुटत नाई." पुढच्या सगळ्या शेतकरी बैठकांमध्ये मी हेच वाक्य वापरलं. माझ्या तक्त्यांपेक्षा ते लवकर पोचतं.

आणि छपरी. इथल्या जुन्या माणसांसाठी छपरी म्हणजे घरापुढची पडवी. "छपरीत बसा" म्हणजे पाहुण्याला मानानं बसायला सांगणं. मोबाइलवाल्या पोरांसाठी छपरी म्हणजे केस रंगवून भडक मिरवणारा पोरगा. आजोबा म्हणतात छपरीत बसा, आणि नातू तोंड दाबून हसतो. दोन्ही अर्थ एकाच पानावर लिहा आणि पुढं वय लिहा. पोरांचे शब्द खालच्या दर्जाचे समजून गाळू नका. पन्नास वर्षांनी कोणाला तरी तेही विचारावे लागतील.

7. काय लिहू नये

हा भाग मी चूक करून शिकलो. 'भैताड' च्या पानावर मी गावात घडलेला एक प्रसंग उदाहरण म्हणून लिहिला होता. नाव नव्हतं. एका संध्याकाळी पारावर पोरांनी आग्रह केला आणि मी ते पान वाचून दाखवलं. लोक हसले, पण हसताना एकाच माणसाकडं पाहत होते. तो माणूस उठून गेला आणि पुढं पंधरा दिवस पारावर आला नाही. मी त्याच्या घरी गेलो, माफी मागितली, त्याच्यासमोर ते पान फाडलं. त्यानं चहा पाजला. पण ती संध्याकाळ मला फाडता आली नाही.

तेव्हापासून नियम केला. हसू शब्दातून यावं, माणसावरून नको. जिवंत माणसाचा ओळखू येईल असा प्रसंग लिहायचा नाही. जातीवरून, आजारावरून, विधवा बाईवरून, अपंगावरून पडलेले शब्द कानावर येतात. ते टिपून ठेवायचे असतील तर साधा अर्थ आणि पुढं 'दुखावणारा' अशी खूण एवढंच लिहावं, त्यांना गंमतीची व्याख्या देऊ नये आणि ते पारावर वाचू नयेत.

अजून एक. वऱ्हाडीला 'अशुद्ध' म्हणू नका, कुणी म्हटलं तरी मान डोलवू नका. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात 13 व्या शतकात महानुभावांनी मराठी गद्य लिहिलं, म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. लोकांकडं जाऊन, विचारून, ऐकलं तसं लिहून घ्यायची रीत या मातीत इतकी जुनी आहे. आता त्याच रिद्धपुरात राज्य सरकारनं मराठी भाषा विद्यापीठ उभं केलंय.

'हे तर हिंदी आहे' म्हणून शब्द खोडणं हाही त्याच जातीचा घोळ. वापस, आलू, फल्ली हे शब्द कालच्या टीव्हीवरून आलेले नाहीत. वऱ्हाड निजामाकडून 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेलं, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं, आणि 1956 पर्यंत राजधानी नागपूर असलेल्या, हिंदी आणि मराठी दोन्ही चालणाऱ्या प्रांतात राहिलं. आजीच्या आजीनंही 'वापस' म्हटलं असेल. तो तिचा शब्द आहे.

8. पडताळणी

तीन माणसं, दोन गावं. तीन वेगळ्या घरांतून एकच अर्थ आला तर तो पक्का. व्याख्येला हा नियम नाही, ती एकाच माणसाची असली तरी चालते.

मग कोश उघडा. दाते-कर्वे यांच्या कोशात शब्दापुढं कंसात (व.) दिसलं तर तो वऱ्हाडी, (ना.) म्हणजे नागपुरी. तुमच्या चक्कीवरचा शब्द तिथं सापडला की फार आनंद होतो. सापडला नाही तरी शब्द खोटा ठरत नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यात एकाच वस्तूला कुठल्या जिल्ह्यात काय म्हणतात ते पाहता येतं.

विदर्भात 11 जिल्हे आहेत, सगळीकडं वऱ्हाडी नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या काही भागात झाडीबोली आहे, तिचे शब्द वेगळे, तिची साहित्य संमेलनंही भरतात. आणि तुमच्या गावाशेजारी कोलामांचं पोड (वस्ती) किंवा बंजाऱ्यांचा तांडा असेल, मेळघाटात असाल तर कोरकूंची गावं असतील. कोलामी द्रविड कुळातली, कोरकू मुंडा कुळातली आणि बंजाऱ्यांची गोरमाटी तिसऱ्याच वळणाची भाषा आहे. त्या बोली नव्हेत, स्वतंत्र भाषा आहेत. त्यांचे शब्द वऱ्हाडीच्या वहीत मिसळू नका. वेगळी वही करा आणि ती त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी हातानं लिहून घ्या.

9. मोबाइलवर उतरवताना

शब्द सुचवणं आणि आपोआप दुरुस्ती, दोन्ही बंद करा. नाहीतर 'मले' चं 'मला' आणि 'डोया' चं 'डोळा' कधी झालं ते कळतही नाही. 'वऱ्हाडी' मधला ऱ्ह नीट टाइप करा. र आणि ह साधे जोडले तर 'वर्हाडी' असं उमटतं, खालच्या टिंबाचा ऱ निवडला की बरोबर येतं. बोलून टाइप करायची सोय वऱ्हाडी ऐकून प्रमाण मराठी लिहिते, तिच्यावर विसंबू नका.

10. वही गावाला परत द्या

पन्नास पानं भरली की झेरॉक्स काढा. एक प्रत शाळेत द्या, एक चक्कीवर ठेवा. प्रत्येक पानाची खालची अर्धी बाजू कोरी सोडा. लोक वाचतात, खोडतात, भर घालतात. आमच्या चक्कीवरच्या प्रतीत 'साहेब' या शब्दाचं पान कुणीतरी स्वतःहून घातलंय, अक्षर शाळकरी पोराचं आहे: "जो इचारते जास्त अन् लिवते कमी. आपला मातर लिवते."

चक्कीवरच्या प्रतीला भोक पाडून सुतळीनं खिळ्याला टांगा, पिठानं पानं चिकटतात म्हणून वर प्लॅस्टिक घाला. आणि पेनही दोऱ्यानं बांधा. माझे पहिले चार पेन आठवडाभरात गेले.